रक्तात लाखोंनी विषाणू आणि माणूस ठणठणीत : एचएचव्ही-६ची गोष्ट

पीसीआरवाला_टिळकवाडी
'रिपोर्ट समजून घेऊ' या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की नागिणीचा विषाणू आयुष्यभर अंगात राहतो म्हणजे नेमका राहतो कुठं. दोन ओळींत भागण्यासारखं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी बेळगावात एका लॅबमध्ये पीसीआरच्या (नमुन्यात विषाणूचा डीएनए किती आहे ते मोजायची तपासणी) टेबलावर असतो. डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्या-औषधं मला विचारू नका.

नागीण, कांजण्या, तापानंतर ओठावर उठणारे फोड हे सगळे हर्पिस घराण्यातले. माणसाला धरणारे या घराण्यात नऊ जण आहेत. एकदा आत शिरले की जात नाहीत, ही घराण्याची रीत. कांजण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमधल्या पेशींत दबा धरतो. तिथं त्याचा डीएनए कड्यासारखा गोल होऊन केंद्रकात सुटा पडून असतो. आपल्या गुणसूत्रांना तो चिकटत नाही. म्हातारपणी प्रतिकारशक्ती उतरली की तोच नागीण होऊन बाहेर येतो.

याच घराण्यातल्या एचएचव्ही-६चं (ह्युमन हर्पिसव्हायरस-६) वेगळं आहे. हा चक्क गुणसूत्राच्या टोकात जाऊन बसू शकतो, आणि तेही कुठंही नाही, अगदी शेवटच्या भागात. आपल्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर असतं. तिथं टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं परत परत, काही हजार अक्षरांच्या लांबीपर्यंत येत राहतात. आता विषाणूकडं बघा. त्याचा जीनोम साधारण १ लाख ६० हजार अक्षरांचा. दोन्ही टोकांना ८-९ हजार अक्षरांचा एकच मजकूर दोनदा छापल्यासारखा, आणि त्या मजकुराच्या कडांना काय, तर टीटीएजीजीजी. आपलीच अक्षरं, त्याच क्रमानं.

एचआयव्ही आपल्या डीएनएत घुसायला स्वतःचं एन्झाइम घेऊन येतो. याला तसलं काही लागत नाही. डीएनए तुटला की तसाच मजकूर दुसरीकडं शोधून त्याच्या आधारानं दुरुस्ती करायची, ही पेशीची नेहमीची सवय. सारखा मजकूर समोर आला की पेशीच दोन्ही सांधून टाकते, असं आजचं चित्र आहे. सांधल्यावर क्रम असा लागतो : आधी गुणसूत्र, मग टीटीएजीजीजी, मग विषाणूचं उजवं टोक, मधला सगळा विषाणू, डावं टोक, आणि त्याच्या पुढं परत टीटीएजीजीजी. त्यामुळं गुणसूत्र उघडं पडत नाही. शेवट पुन्हा टेलोमिअरनंच होतो, फक्त तो बहुतेक वेळा आखूड असतो. हा सांधा अक्षर न् अक्षर वाचून २०१० मध्ये साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटानं दाखवला.

आता मुद्द्याचं. हे कधीकाळी एखाद्या पूर्वजाच्या शुक्रपेशीत नाहीतर बीजांडात घडलं असेल, तर त्या वंशात जन्मलेल्या मुलाच्या प्रत्येक पेशीत, केसाच्या मुळापासून नखापर्यंत, विषाणूची एकेक प्रत असते. त्याच्याकडून पुढच्या मुलाकडं जायची शक्यता निम्मी. जगात साधारण शंभरात एक माणूस असा आहे. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. लागतो तो चुकून केलेल्या एखाद्या तपासणीत, आणि तेव्हा आकडा बघून डॉक्टरही घाबरतात.

सीमेवरचा_सदू
म्हणजे ह्यो विषाणू पण सीमावासीच की ओ. अगदी हद्दीवर बसलाय आणि पत्ता कुठला लावायचा ते ठरंना.

धागा_राखण
सदूअण्णा, सीमाप्रश्नाचा धागा खाली चालू आहे, तिकडं जागा भरपूर. इथं विषाणूच राहू द्या.

खानापूरची_सून
माझी धाकटी वर्षाची पण नव्हती तेव्हा तीन-चार दिवस ताप. १०३च्या खाली यायलाच तयार नाही. एकदा तर आकडी आली, डोळे फिरवले तिनं, माझ्या हातापायातलं बळच गेलं. ताप एकदम उतरला आणि त्याच संध्याकाळी पोट-पाठ गुलाबी पुरळानं भरून गेली. सासूबाई म्हणाल्या गोवर, आणि पाळण्याला कडुलिंबाचे डहाळे बांधले. डॉक्टर म्हणाले गोवर नाही, रोझिओला, आणि तो पण हर्पिसमधलाच. तो हाच का? मग आता तिच्या गुणसूत्रात बसला म्हणायचा? तिच्या पोरांना पण जाणार?

पीसीआरवाला_टिळकवाडी
हाच. याचे ६ए आणि ६बी असे दोन प्रकार, त्यातला ६बी. गोवरात पुरळ ताप चढलेला असतानाच येतं. यात ताप उतरतो आणि मग पुरळ उठतं, डॉक्टर त्यावरूनच ओळखतात. वयाच्या दोन-तीन वर्षांपर्यंत जवळपास प्रत्येक मूल यातून जातं. पुष्कळांना नुसता ताप येऊन जातो, पुरळ दिसतच नाही. तापाबरोबर आकडी येणं हे या आजारात नवीन नाही, तुमच्या डॉक्टरांनीही सांगितलं असेल.

पण ताई, तुमच्या लेकीचं आणि मी वर लिहिलं त्याचं गणित वेगळं. तिला विषाणू बाहेरून लागला, बहुतेक घरातल्याच कुणाच्या लाळेतून. तो आता काही मोजक्या पेशींत झोपून राहील. त्यातल्या एखाद्या पेशीच्या टेलोमिअरमध्ये शिरलाही असेल, पण ती पेशी तिच्यापुरती. पुढच्या पिढीत जायचं तर बीजपेशीत शिरायला हवं, आणि तसं नव्यानं घडणं फार दुर्मीळ. आज शंभरात एकाकडं जो आहे तो पिढ्यान् पिढ्या वारशानं आलेला. काही घराण्यांत तो हजारो वर्षांपूर्वीचा निघालाय.

खानापूरची_सून
बरं झालं विचारलं. सासूबाईंना यातलं काय सांगू ते मात्र बघावं लागेल 😄

शेडवाला_हुक्केरी
आमच्या धंद्यात हे आधीच हाय बगा. मरेक्स. ज्यानं कोंबडी पाळलीय त्याला सांगायला नको. पिल्लू चांगलं वाढलेलं असतंय, एक दिवस एक पाय पुढं आणि एक मागं टाकून आडवं. फाडून बगितलं की काळजावर गाठी, मांडीची नस दोरखंडागत जाड झालेली. म्हणून हॅचरीतच पहिल्या दिवशी मानेच्या कातडीखाली लस टोचून पाठवतात. मागं एका औषध कंपनीचा माणूस मीटिंगमध्ये म्हणाला होता, मरेक्स पण हर्पिसच आणि तो कोंबडीच्या गुणसूत्राच्या टोकात जातोय. तेव्हा मला वाटलं हा बंडल मारालाय. खरं हाय काय ते?

पीसीआरवाला_टिळकवाडी
शंभर टक्के खरं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण टेलोमिअरचं हे प्रकरण कळायला कोंबडीनं फार मदत केलीय. मरेक्सच्या विषाणूच्या टोकांनाही टीटीएजीजीजीच्या माळा आहेत. कोंबडीचं टेलोमिअर आपल्यासारखंच लिहिलेलं असतं. २०११ मध्ये संशोधकांनी विषाणूतून या माळा कापून टाकल्या आणि तो पिल्लांना टोचला. विषाणू अंगात वाढला, पण टेलोमिअरमध्ये नीट शिरता येईना, आणि गाठी होणाऱ्या पिल्लांचं प्रमाण खूप उतरलं. म्हणजे त्या माळा नुसत्या शोभेला नाहीत, शिरकावाची किल्ली त्यांच्यातच आहे.

माणसावर असला प्रयोग करता येत नाही, म्हणून शेडवाल्यांची कोंबडी मोलाची. आणि कुणी घाबरू नये म्हणून सांगतो, मरेक्स माणसाला होत नाही.

शेडवाला_हुक्केरी
हौदा! मग त्या कंपनीवाल्याला उगाच नावं ठेवली. पण एक हाय, लस टोचलेल्या पिल्लात पण विषाणू राहतोय की. गाठी होत नाहीत एवढंच. पिसांच्या कोंड्यातून शेडभर पसरतोय. म्हणून एक लॉट गेला की लिटर (खाली अंथरलेला भुसा) सगळं काढून चुना मारल्याशिवाय मी नवीन पिल्लं घेत नाही.

निवृत्त_मास्तर_शहापूर
थोडा इतिहास जोडतो. एचएचव्ही-६ सापडला १९८६ साली, अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत. रोझिओला त्याच्यामुळं होतो हे १९८८ मध्ये जपानी डॉक्टरांनी सिद्ध केलं. १९९३ मध्ये इटलीत काही रुग्णांच्या रक्तात विषाणूचा डीएनए माणसाच्या डीएनएला जोडलेला आढळला. तेव्हा अनेकांना ती प्रयोगातली गफलत वाटली असेल, हर्पिस असं वागत नाही हे तेव्हा पाठ्यपुस्तकातलं सत्य होतं. १९९९ मध्ये जपानातलं एक कुटुंब पुढं आलं : आईच्या २२व्या गुणसूत्रात विषाणू, वडिलांच्या १ल्या गुणसूत्रात, आणि मुलीकडं दोन्ही. त्यानंतर वारशाबद्दल वाद उरला नाही. ६ए आणि ६बी या दोन स्वतंत्र जाती आहेत हे अधिकृतपणे मान्य व्हायला मात्र २०१२ उजाडलं.

टेलोमिअर आणि टेलोमरेजच्या (झिजलेलं टेलोमिअर भरून काढणारं एन्झाइम) कामाला २००९चं नोबेल मिळालं तेव्हा मी दहावीच्या वर्गात ते फळ्यावर काढून दाखवलं होतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, टोक झिजतंय तर माणूस वरून झिजत का नाही?" उत्तर द्यायला तास पुरला नाही.

जाता जाता, आपल्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सीन डेपोत कधीकाळी वासरांच्या अंगावर देवीची लस वाढवत. आता तिथं लोक सकाळी फिरायला जातात. बेळगावचा विषाणूंशी संबंध जुनाच.

निपाणी_टू_पुणे
मी सहसा नुसता वाचतो, पण यावर लिहायलाच हवं. माझ्या मावसभावाला ब्लड कॅन्सर होता. बोन मॅरो धाकट्या भावाचा जुळला. ट्रान्सप्लांट एका मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात झालं, नाव घेत नाही. तिथं दर आठवड्याला विषाणूंच्या तपासण्या करतात. पहिले दोन रिपोर्ट कोरे. तिसऱ्यात एचएचव्ही-६, तोही लाखांत. पुढच्या वेळी दुप्पट. डॉक्टरांनी गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध चालू केलं. त्या औषधानं पांढऱ्या पेशी पडतात म्हणे, आणि इथं तर नव्या मॅरोच्या पेशी नुकत्या कुठं वर यायला लागलेल्या. रोज सकाळी मावशी काउंटचा आकडा वहीत लिहायची. तो घसरताना बघून तिनं जेवण सोडलं.

विषाणूचा आकडाही थोडा उतरला. मग सगळ्यांना वाटलं, औषध लागू पडतंय. शेवटी एका तरुण डॉक्टरीण बाईंनी दोन्ही आकडे शेजारी मांडून बघितले, आणि म्हणाल्या धाकट्याचं रक्त पाठवा. धाकटा इकडं गावी, पहाटे उठून धारा काढणारा, वर्षात एकदा सर्दी झाली तर झाली. त्याच्या रक्तात विषाणू लाखांनी! आणि रुग्णाच्या नखाच्या कात्रणात काहीच नाही. म्हणजे विषाणू मॅरोबरोबर आला होता, धाकट्याच्या पेशींतच लिहिलेला. औषध त्याच दिवशी बंद केलं.

दादा आता बरा आहे, तंबाखूच्या वखारीत परत कामाला जातो. पण ते दिवस आठवले की अजून राग येतो. हे आधी का नाही बघितलं?

पीसीआरवाला_टिळकवाडी
तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्यासाठी हा धागा काढला होता म्हणा : "दोन्ही आकडे शेजारी मांडून बघितले." सगळं त्यातच आहे.

हिशेब करून दाखवतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ५,००० पांढऱ्या पेशी धरा. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० लाख. प्रत्येक पेशीत विषाणूची एक प्रत असेल तर पीसीआर किती दाखवणार? ५० लाखच. विषाणू वाढला नाही, वळवळला नाही, नुसता मोजला गेला. नव्या मॅरोच्या पेशी वाढल्या की आकडा वाढणार, औषधानं पेशी पडल्या की आकडा पडणार. तुमच्याकडं नेमकं तेच झालं. विषाणूला भागिले पेशी केलं असतं तर उत्तर प्रत्येक वेळी एकच आलं असतं, एकास एक. खऱ्या संसर्गात हे गुणोत्तर असं ठाम बसत नाही. अख्ख्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ३ लाखांच्या वर प्रती दिसल्या की हा प्रकार आधी मनात यायला हवा, असा संकेत आहे. खात्री करायची तर केसाचं मूळ किंवा नख. तिथं रक्तातला संसर्ग पोचत नाही, वारसा मात्र पोचलेला असतो.

प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग) तपासूनही नेहमी सुटका होत नाही. मेलेल्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए प्लाझ्मात येतो, आणि विषाणूही त्याच्याबरोबर मोजला जातो.

तरी डॉक्टरांची बाजूही मांडतो. ट्रान्सप्लांटनंतर ६बी खरोखर जागा होणं नेहमीचं आहे, आणि थोड्या रुग्णांत तो मेंदूपर्यंत जातो. आठवणी पुसल्या जातात, झटके येतात, जीवही जातो. तिथं औषधाला उशीर परवडत नाही. त्यामुळं औषध चालू केलं यात मला फारसं वावगं दिसत नाही. पण त्याच दिवशी देणाऱ्याचं रक्त पाठवायला हवं होतं. तुमचा राग तेवढ्यापुरता रास्त आहे.

एमएस्सी_मायक्रो
सर, दोन शंका. आम्हाला शिकवताना यू९४ नावाच्या जनुकाचा उल्लेख होता, की विषाणू त्याच्या मदतीनं गुणसूत्रात शिरतो. तुम्ही म्हणता एन्झाइम लागत नाही. आणि दुसरं, एकदा टेलोमिअरमध्ये गेलेला परत बाहेर येऊ शकतो का? नाही तर विषाणूला यात फायदा काय?

पीसीआरवाला_टिळकवाडी
यू९४वर संशय होता, कारण ते एएव्ही नावाच्या दुसऱ्या एका विषाणूच्या जनुकासारखं दिसतं, आणि तो विषाणू १९व्या गुणसूत्रात ठरलेल्या जागी बसतो. पण यू९४ काढून टाकलेला एचएचव्ही-६ही टेलोमिअरमध्ये शिरला. म्हणून नोट्समधलं ते वाक्य जुनं समजा.

बाहेर येण्याबद्दल : येऊ शकतो, आणि वाट पुन्हा टीटीएजीजीजीचीच. टेलोमिअरचं शेवटचं टोक एकेरी असतं. ते मागं वळून आपल्याच दुहेरी भागात घुसतं आणि फास तयार होतो. टेलोमिअर सुरक्षित राहावं म्हणून हे रोजच होत असतं. विषाणू मध्ये बसलेला असेल तर टोक कधी कधी चुकीच्या जागी, विषाणूतल्याच माळेत घुसतं. तो फास कापला गेला की विषाणू गोल कडं होऊन सुटतो. टेलोमिअर आखूड असेल तर हे जास्त सोपं. जपानात प्रतिकारशक्ती जन्मतः नसलेल्या एका मुलात असा वारशाचा विषाणू जागा होऊन आजार झाल्याची नोंद आहे. तेव्हा फायदा हा, की पेशी विभागताना विषाणूला स्वतःची प्रत काढायचे कष्ट नाहीत, आणि वेळ आली तर दारही बंद नाही.

कुंदा_कमी_खा
मला एवढंच सांगा, ही टेस्ट मी करून घेऊ का? छातीत अधनंमधनं दुखतं आणि कुठंतरी वाचलं की हा विषाणू हार्टशी संबंधित आहे.

पीसीआरवाला_टिळकवाडी
छातीत दुखतंय तर आज ईसीजी काढा, इथं टाइप करत बसू नका.

विषाणूचं म्हणाल तर २०१५ मध्ये कॅनडातल्या क्युबेकमध्ये सुमारे २० हजार लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा वारशानं विषाणू असलेल्यांत अँजायनाचं (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) प्रमाण इतरांच्या तिपटीच्या आसपास निघालं. २०२०मध्ये इंग्लंडमधून गरोदरपणातल्या प्रीएक्लॅम्पसियाशीही (प्रेशर धोकादायक वाढणं) संबंध दाखवणारा अभ्यास आला. पण संबंध दिसला म्हणजे कारण ठरलं असं होत नाही, आणि टोकातला विषाणू काढून टाकणारं औषध अस्तित्वात नाही. म्हणून ठणठणीत माणसानं उठून ही टेस्ट करावी असं मी म्हणणार नाही, लॅबवाला असूनही. साखर, प्रेशर, कोलेस्टेरॉल बघा. आणि कुंदा, नावाप्रमाणं.

सीमेवरचा_सदू
शंभरात एक म्हणजे आपल्या जिल्ह्यात किती ओ?

निवृत्त_मास्तर_शहापूर
२०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४७ लाख ८० हजार. जगाचं प्रमाण इथं जसंच्या तसं लावलं तर ४७-४८ हजार. यात मराठी किती आणि कन्नड किती हे विचारू नये, सदूअण्णा.

घटप्रभेकाठी
आमच्याकडं मामाच्या मुलीशी लग्न सर्रास. आजोबांकडं हा विषाणू असेल तर?

पीसीआरवाला_टिळकवाडी
चांगला प्रश्न. आजोबांकडून तो मुलालाही जाऊ शकतो आणि मुलीलाही, आणि त्यांची मुलं पुन्हा एकत्र आली तर नवरा-बायको दोघांकडंही तीच प्रत असू शकते. तसं असेल तर होणाऱ्या मुलाकडं दोन्ही गुणसूत्रांवर विषाणू यायची शक्यता चारात एक. त्याच्या रक्तात आकडा दुप्पट दिसेल, पेशीमागं दोन प्रती. मात्र जवळच्या नात्यातल्या लग्नात काळजीचे विषय दुसरे आहेत, थॅलेसेमिया वगैरे. समुपदेशनाला जायचं ते त्यासाठी, यासाठी नव्हे.

निपाणी_टू_पुणे
धाकट्याला दोन मुलं आहेत. त्यांची तपासणी करायची का? आणि तो दरवर्षी गणपतीत रक्तदान करतो, त्याचं काय?

पीसीआरवाला_टिळकवाडी
मुलांची मुद्दाम तपासणी नको. प्रत्येकाची शक्यता निम्मी, एवढं धरून चाला. फक्त धाकट्याच्या आणि दोघा मुलांच्या फाईलीत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : 'एचएचव्ही-६ वारशानं असण्याची शक्यता, पीसीआर आकडा पेशींच्या संख्येशी ताडून बघावा.' दादाच्या फाईलीत तर हवंच, त्याचं रक्त आता धाकट्याचं आहे. उद्या कधी अतिदक्षता विभागात जायची वेळ आली तर नवीन डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

रक्तदान त्यानं करावं. रक्तपेढीत एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलीस, मलेरिया बघतात. एचएचव्ही-६ बघत नाहीत, आणि त्यावरून कुणाला परतही पाठवत नाहीत. लाल पेशींना केंद्रकच नसतं, त्यामुळं त्यांच्यात तो नाहीच. पण पुन्हा कुणाला मॅरो द्यायची वेळ आली तर ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

निपाणी_टू_पुणे
लिहून घेतलं. उद्या झेरॉक्स काढून चारही फाईलींना लावतो.